भोंग्याची पट्टी

पोर्ट केम्बला
१४ ऑगस्ट १९८३

प्रिय टेझ,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. दोन वर्षांनी लिहितोय. लंडनचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. कागदावर उतरवून देताना तिने विचारलं, "भांडायला नाही ना मागत?" मी म्हटलं, "नाही, गायला बोलावतोय." ती म्हणाली, "तेच ते."

मुद्द्याचं सांगतो. पोलादाच्या कारखान्यातून गेल्या वर्षापासून माणसं काढताहेत. मीही त्यातलाच. अकरा वर्षं क्रेन चालवली. शेवटच्या दिवशी खाली उतरायची शिडी जरा लांब वाटली, एवढंच. घरी बसवलेल्यांसाठी युनियनने तीन डिसेंबरला, शनिवारी, एक जलसा ठरवलाय. फाटकासमोरच्या फुटबॉलच्या मैदानावर, दुपारी. त्यांना आपला 'हॉट मिल' बँड हवा आहे. खोटं कशाला बोलू, समितीने आधी तुझं नाव घेतलं, मग आमचं.

आमच्याकडे आता ग्लेनिस पर्सेल गाते. तू तिला ओळखतोस. विंडँगच्या पुलाजवळच्या दुकानात ती मासे तळायची आणि तू नेहमी व्हिनेगर जास्त मागायचास. तिची काही हरकत नाही. आधी आमची गाणी होतील, मग शेवटचा अर्धा तास तुझा. तेव्हा ती मागे उभी राहून खालचा सूर धरेल. विम आणि नोएलही तयार आहेत.

पट्टीची काळजी करू नकोस. तू सोडून गेलास त्याच पट्टीत वाजवू. ही गोष्ट आपल्या चौघांत होती, चौघांतच आहे.

माझी आई अजून विचारते, "माझा लाल केसांचा कधी येणार?" तू तिला आमच्यासारखं 'माइको', आई, म्हणायचास ते शेजारच्या मॅसेडोनियन बायकांना ती आजही सांगते. भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची, अय्वारची, एक बरणी तिने तुझ्या नावाने बाजूला ठेवली आहे.

ये.

तुझा,
ल्यूप


त्याच दिवशी
(हे टाकणार नाही)

टेझ,

सकाळचं पत्र पेटीत टाकून आलो. आता खरं लिहितो.

विमच्या चुलतभावाने हॉलंडहून एक कात्रण पाठवलंय. इंग्लंडातल्या कुठल्याशा संगीत-साप्ताहिकात तुझी मुलाखत आली आहे. फोटोत तू रेलून बसला आहेस. विमने मला ती वाचून दाखवली. मग मी स्वतः वाचली. आता पाठ आहे.

"भले लोक होते. पण कारखान्यातले हात. माझ्या सुरापर्यंत त्यांना पोचता येत नव्हतं, म्हणून शेवटची दोन वर्षं मी खाली उतरून गायलो."

खाली उतरून.

१९७९ आठवतं? तुझ्या घशात गाठी निघाल्या आणि डॉक्टरने सांगितलं की सहा आठवडे बोलायचंसुद्धा नाही. इस्पितळाबाहेर माझ्या व्हॅनमध्ये बसून तू पाटीवर लिहिलंस, 'संपलं.' मी म्हटलं, नाही संपलं. आम्ही गिटारींच्या तारा अर्ध्या सुराने सैल करतो. कुणाला कळणार नाही, लोकांना फक्त तू वर गेल्यासारखा दिसला पाहिजेस. विमने मान डोलावली. नोएल म्हणाला, ढोलाला काय फरक पडतो. तू रडलास आणि पाटीवर लिहिलंस, 'कुणाला सांगू नका.'

आम्ही सांगितलं नाही. बायकांनासुद्धा नाही.

तुला 'भोंगा' गाण्याचं काय झालं तेही आठवत असेल. फाटकासमोरच्या पबात दर शनिवारी दुपारी आपण ते अशा बेताने सुरू करायचो की बरोबर तीनला, पाळी सुटायच्या भोंग्याबरोबर, तुझा शेवटचा उंच सूर लागायचा. मी ते गाणं भोंग्याच्या पट्टीतच बांधलं होतं. क्रेनमध्ये बसून रोज ऐकायचो ना. बाहेर तो कारखान्याचा सूर, आत तुझा, आणि दोन्ही एक. माणसं ग्लास खाली ठेवायची.

तारा सैल केल्यावर ते बंद करावं लागलं. भोंगा वर, आपण अर्ध्या सुराने खाली, बहिऱ्यालाही खुपलं असतं. लोकांना आपण सांगितलं की तीनची वेळ आता गैरसोयीची पडते.

तर तीन डिसेंबरला मी तुला तुझ्या सोयीच्या पट्टीत अर्धा तास गाऊ देणार आहे. शेवटचं गाणं 'भोंगा'. त्याआधी मी गिटार बदलीन. गिटार सगळेच बदलतात, कुणी बघत नाही. दुसरी गिटार मूळ पट्टीत लावलेली असेल. विमचीही. कोण कुणाच्या सुरापर्यंत पोचत नव्हतं ते मग अख्ख्या पोर्ट केम्बलाला ऐकू येईल.

जाताना तू पाठवलेल्या पाकिटात बँडच्या पत्राबरोबर आणखी एक चिठ्ठी होती. तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

ल्यूप


२५ सप्टेंबर १९८३

प्रिय टेझ,

तुझं उत्तर मिळालं. येतोस हे वाचून समितीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तू लिहितोस की आवाज थंडीने जरा बसलाय, आणखी अर्धा सूर खाली घेता आलं तर बरं. घेतो. म्हणजे मूळच्यापेक्षा पूर्ण एक सूर खाली. ग्लेनिसला कारण सांगणार नाही, तू सांगितलंस तसं.

दुसरं तू विचारलंस की तुझ्या आईने पाठवलेल्या पोस्टरवर 'भोंगा' तीन वाजता असं का छापलंय. तो समितीचा उत्साह. तू मनाला लावून घेऊ नकोस. कारखान्याचा भोंगा आता वाजत नाही. अर्ध्या भट्ट्या थंड झाल्या, तेव्हाच तो बंद केला.

सिडनीच्या विमानतळावर मी व्हॅन घेऊन येईन. तीच जुनी. उजवं दार अजून आतून उघडत नाही.

तुझा,
ल्यूप


२० नोव्हेंबर १९८३
(न टाकलेलं)

टेझ,

भोंगा रोज वाजतो. आत्ताच वाजला.

आज सराव झाला. तू विचारलं नाहीस, पण तुझ्यामागे आमचं काय झालं ते सांगतो.

तू गेल्यावर आम्ही सहा महिने तुझ्यासारखा गाणारा शोधला. तुझ्यासारखे पुष्कळ होते. एकाने तर केसही तुझ्यासारखे रंगवले होते. नोएल म्हणाला, "याला घेतलं तर मी टेझच्या भुताबरोबर वाजवतोय असं वाटेल, आणि भूत बेसूर आहे." मग एके दिवशी मासे घ्यायला गेलो, तर ग्लेनिस कढईच्या आवाजावर ओरडून गिऱ्हाइकांची नावं पुकारत होती. खालचा, जाड, लाकडाच्या दारासारखा आवाज. मी म्हटलं, गातेस का? ती म्हणाली, "मीठ लावू का नको ते आधी सांग."

पहिले काही महिने लोकांनी तिच्यावर बिअरचे कागदी पेले फेकले. डॅप्टोच्या क्लबात एक जण ओरडला, "टेझ कुठाय?" ती माइकमध्ये म्हणाली, "लंडनला गेलाय, राजा. तुला बटाटे आणू का?" त्या रात्रीनंतर पेले कमी झाले.

वाजवणं बदललं, ते आमच्या लक्षात उशिरा आलं. तू असताना मी तुझी ओळ संपली की वाजवायचो. पंगतीत वाढप्याने थांबावं तसा. वरची सगळी जागा तुझी होती. ग्लेनिस खाली गाते, त्यामुळे वरची जागा रिकामी राहिली. एका सरावात मी भीत भीत तिथे गेलो. गिटार घेऊन, तू असायचास त्या जागी. विम वाजवायचा थांबला आणि मीही थांबलो तसा माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "थांबलास का? जा की." नोएलने ठेका जरा मागे ओढला. ग्लेनिसने डोळे मिटले आणि तीच ओळ पुन्हा घेतली. दहा वर्षांत पहिल्यांदा मला मी ऐकू आलो.

हा आमचा आवाज आहे, टेझ. पण तो कुणी ऐकत नाही. लोक येतात, दोन गाणी ऐकतात आणि म्हणतात, बरं आहे, पण टेझ असता तर.

विमला आज बेत पुन्हा सांगितला. तो म्हणाला, "आणि सूर फाटल्यावर? मग काय करायचं?"

"मग काही नाही. वाजवत राहायचं."

"तुला बरं वाटेल?"

"तुला नाही वाटणार?"

विमने तार पुसली. "मला वाटेल," तो म्हणाला. "म्हणूनच विचारलं."

ग्लेनिसला सांगितलेलं नाही.

ल्यूप


५ डिसेंबर १९८३
(न टाकलेलं)

टेझ,

तुझं विमान आता सिंगापूरच्या आसपास असेल. तू खिडकीशी बसून हसत असशील.

मी तो प्रसंग पुन्हा लिहून काढतो. तुझ्यासाठी नाही. माझं कुठे चुकलं ते मला बघायचंय.

दोन वाजून पन्नास मिनिटं. तुझी पाच गाणी झाली होती, सगळी तुझ्या खालच्या पट्टीत. मैदान भरलेलं, मुलं बापांच्या खांद्यावर, आणि कुंपणापलीकडे धुरांडी. माझी आई पहिल्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर बरणी. तू शर्टाची दोन बटणं उघडलीस आणि बायका ओरडल्या. मी गिटार बदलली. विमने बदलली.

मी 'भोंगा'चे पहिले सूर वाजवले आणि तू वळलास. दुसऱ्याच सुराला. एवढ्या लोकांत तुलाच कळलं, आणि ग्लेनिसला. हे मात्र मी मानतो, कान तुझा अजून तसाच आहे. माइक खाली धरून तू माझ्याजवळ आलास. तुझा चेहरा इस्पितळाबाहेरच्या व्हॅनमध्ये होता तसा झाला होता. तू म्हणालास, "ल्यूप, हे कशाला रे?"

मी म्हणालो, "कारखान्यातले हात आहेत, लेका. खाली येत नाहीत."

तुला ती मुलाखत आठवली. मला दिसलं तुला आठवलेलं.

पहिली दोन कडवी तू कशीबशी काढलीस. घाम गळत होता. लोकांना वाटलं, जीव ओतून गातोय. शेवट आला. मी एकटक तुझ्या गळ्याकडे बघत होतो. आणि तेवढ्यात तीन वाजले.

भोंगा वाजला. मी तुला वाजत नाही म्हणून सांगितलेला, मी ज्याच्या पट्टीत तारा लावलेल्या, तोच. तू पाव क्षण गोंधळलास. मग गायलास नाही. वळलास, हात सरळ केलास आणि माइक धुरांड्यांकडे धरलास.

लोकांना काय वाटलं असेल! ज्या कारखान्याने त्यांना घालवलं त्याच्याकडूनच तू तो सूर गाऊन घेतलास. बाया-माणसं रडत होती. आपल्या क्रेनवरचा म्हातारा ऑसी फ्रेझर, जो आईच्या प्रेताला रडला नाही, तो टोपी काढून उभा होता. आजच्या पेपरात पहिल्या पानावर तोच फोटो आहे. तू पाठमोरा, हात लांब, पुढे धुरांडी. 'घरचा मुलगा घरच्यांच्या दुःखाला आवाज देतो.'

आवाज! तू तोंड उघडलं नाहीस.

आणि मीच तुला तो भोंगा दिला. तू तो सूर लावायला गेला असतास आणि फाटला असतास, तीनची वेळ मी धरली नसती तर.

खाली उतरल्यावर ग्लेनिसने मला व्हॅनच्या मागे गाठलं. "तू मला सांगितलं नाहीस."

"तू तयार झाली नसतीस."

"नसतेच झाले! माझी पट्टी पण अशीच बदलशील, एखाद्या दिवशी माझा राग आला की?"

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

"गाणारीची गोष्ट वेगळी नसते, ल्यूप. गाणारा तारांवर पाय देऊन उभा असतो." मग ती म्हणाली, "मी सांभाळलं, ते तुझ्यासाठी नाही. गाणं पडत होतं म्हणून."

ती काय सांभाळलं म्हणत होती ते मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही नाही. मी तुझ्याकडे बघत होतो. तू माझ्या आईला मिठी मारत होतास.

ल्यूप


११ मार्च १९८४

टेझ,

तुझं पत्र आलं. सोबत तीन जुनी पत्रं ठेवतोय, लिहिली तेव्हा टाकली नव्हती. ती आधी वाच. मग हे.

वाचलीस? आता पुढचं.

जानेवारीत विद्यापीठाच्या रेडिओवरचा एक जण घरी आला. तीन डिसेंबरला त्याने सगळा कार्यक्रम टेपवर घेतला होता. मैदानातला आवाज नव्हे, फक्त मंचावरच्या माइकांचा, तारेतून सरळ. आम्ही चौघं विमच्या गॅरेजमध्ये बसलो आणि ऐकलं. नोएल सँडविच खात होता.

'भोंगा' आला. शेवट आला. तू माइक धुरांड्यांकडे धरलास ती जागा आली.

टेपवर भोंगा नाही, टेझ. तो कारखान्याच्या आत अर्धा मैल लांब होता, आणि मंचावरचे माइक ओठांजवळचंच धरतात. लोकांचं रडणं नाही. तुझ्या माइकात फक्त वारा आहे. तुझ्या जागी मोठं भोक आहे, आणि त्या भोकात खालून ग्लेनिस आहे. सरावात जो सूर तिने एक सूर खाली घोटला होता, तो आयत्या वेळी उचलून तिने नव्या पट्टीत धरला आणि सोडला नाही. तिच्यावर विम आहे. आणि अगदी वर, जिथे तू असायला हवा होतास, तिथे मी आहे. तू गप्प झाल्यावर मी तिथे गेलो होतो. तेव्हा मी रागाने इतका आंधळा होतो की काय वाजवलं ते मला आठवतसुद्धा नव्हतं.

नोएलने सँडविच खाली ठेवलं. म्हणाला, "पुन्हा लाव."

आम्ही ते सहा वेळा ऐकलं. सहाव्यांदा ग्लेनिस म्हणाली, "ही मी आहे?" विम म्हणाला, "नाही, मासे तळणारी दुसरी कुणीतरी." तिने त्याला उशी मारली, आणि मग ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

तर त्याची रेकॉर्ड निघते आहे. मिळकत जाईल कामावरून काढलेल्या माणसांच्या समितीला. हे तुला कुणीतरी कळवलंच, आणि तू लिहिलंस, "तेवढी एक ओळ मला परत गाऊ दे. अर्ध्या तासाचं काम आहे. टेप जरा सावकाश चालवू, मी खाली गाईन, मग पूर्ववत करू. कुणाला कळणार नाही."

कुणाला कळणार नाही. हे वाक्य माझं आहे. १९७९ साली, व्हॅनमध्ये, मी ते तुला दिलं होतं. आता परत घेतो.

तू असंही लिहिलंस की तुझ्या संमतीशिवाय तुझा आवाज छापता येणार नाही. विमानतळावरचा तो रेडिओवाल्यांचा कागद आठव. व्हॅनच्या बॉनेटवर ठेवून तू सही केलीस. त्यात लिहिलंय की त्या दिवशीचं जे काही टेपवर येईल ते बँडचं. मी म्हटलं होतं, वाचून बघ. तू म्हणालास, "तू वाचलंयस ना? मग झालं." दहा वर्षं तेच. मी वाचायचो, तू सिगारेट ओढायचास. त्या सकाळीही तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि माझ्या व्हॅनमध्ये मागे मूळ पट्टीतल्या दोन गिटारी होत्या. हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. आता लपवत नाही, आणि माफीही मागत नाही.

आता त्या चिठ्ठीचं. जाताना तू बँडला एक पत्र पाठवलंस आणि त्याच पाकिटात माझ्यासाठी वेगळी चिठ्ठी. 'तू एकटा ये. बाकीच्यांना राहू दे.' मी ती विमला दाखवली नाही, नोएलला नाही. रागावलो म्हणून नाही. मला वाटलं, दुसरं पत्र येईल आणि त्यात 'सगळे या' असेल. मी दोन वर्षं त्याची वाट बघितली. मग कात्रण आलं.

ग्लेनिसला मी तुझं पत्र दाखवलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, गाऊ दे त्याला, तुझं काय जातं. डिसेंबरनंतर ती माझ्याशी धड बोलत नव्हती. तिने पत्र दोनदा वाचलं. एप्रनला हात पुसले. म्हणाली, "तुझा सूड मला नकोय, ल्यूप. तो तुझा तू घरी ने. पण ते भोक भरायचं नाही. मी आत्तापर्यंत जिथे जिथे गायले तिथे लोक त्यालाच ऐकत होते. तेवढी एकच जागा आहे जिथे तो नाही आणि मी आहे."

म्हणून नाही. माझ्याकडून सूड म्हणून 'नाही', तिच्याकडून तिच्या कारणासाठी 'नाही'. दोन्ही मिळून एकच उत्तर होतं.

परवा रेडिओवर त्यांनी ते एकदा वाजवलं. ऑसी फ्रेझर रस्त्यात भेटला. मैदानावर टोपी काढून उभा राहिलेला तोच. म्हणाला, "ती शेवटची ओळ, त्या दिवशी अशी नव्हती." मी म्हटलं, अशीच होती. त्याने टोपी मागे सरकवली. म्हणाला, "मग मी काय ऐकत होतो?"

आईची बरणी तू मैदानावरच विसरून गेलास. ती आता ग्लेनिसने नेली.

आज छापखान्यातून वेष्टणाचा नमुना आला. मागच्या बाजूला नावं आहेत. गिटार ल्यूप्चो ट्रायकोव्ह, बास विम डी ब्रूइन, ड्रम नोएल स्किनर. गायन ग्लेनिस पर्सेल. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, पाहुणा : टेरेन्स हॅनराहन.

तुझं नाव नीट छापलंय ना, ते मी दोनदा बघून घेतलं.

ल्यूप्चो ट्रायकोव्ह